अंडं फोडायला हातोडी

२०१९ च्या जून महिन्यात एक छोटासा व्हिडिओ देशभर फिरला होता. तुमच्या घरच्या मोबाइलवरही कदाचित आला असेल. सियाचीनच्या बर्फात तीन जवान. एकानं फळांच्या रसाचं खोकं फाडलं, तर आतून रस नाही, वीट निघाली! मग अंड्यांची पाळी. अंडं आपटलं, फुटेना. हातोडी हाणली, तरी ढिम्म. टोमॅटो, कांदा, बटाटा, सगळ्यांचे दगड झालेले. आणि हे तिघे हसतहसत सांगत होते की बघा, आमच्याकडे स्वयंपाक असा असतो.

हे बघितल्यावर तुमच्यासारख्या खवय्यांना पहिला प्रश्न काय पडणार? मग हे लोक खातात काय?

फौजेत जवानांच्या स्वयंपाकघराला ‘लंगर’ म्हणतात. सुट्टीवर आलेला तुमच्या गावातला फौजी ‘लंगरात आज पुरी-भाजी होती’ असंच सांगेल. सणावाराला किंवा पलटणीच्या वर्धापनदिनाला साहेबांपासून जवानांपर्यंत सगळे एकत्र जेवतात, तो ‘बडा खाना’. लंगरात पोचणारं पीठ, डाळ, तेल, साखर, भाजी या सगळ्याची सोय बघायला सैन्यात एक वेगळं दलच आहे: आर्मी सर्व्हिस कोअर. बंदुकीची गोळी संपली तर जवान थोडा वेळ थांबू शकतो, पोटातली आग मात्र दिवसातून तीनदा पेटते.

आणि या सगळ्या कारभारात सगळ्यात जास्त छळतं कोण, सांगू? पाणी. धान्यात पाणी जास्त झालं तर ते कुजतं, भाजीतलं पाणी गोठलं तर तिचा दगड होतो, आणि उंच डोंगरावर पाणी धड तापतच नाही. फौजेच्या जेवणाचं विज्ञान म्हणजे बरंचसं या पाण्याचंच विज्ञान आहे.

त्याची सुरुवात बघायला लांब जायला नको. चला आपल्या जालना जिल्ह्यातच.

जिल्ह्याच्या उत्तरेला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ या दिवशी इथे मोठी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. मराठ्यांच्या छावण्या भोकरदन आणि जाफराबादच्या बाजूला पडल्या होत्या. लढाईच्या दोन दिवस आधी, २१ तारखेला, वेलस्ली आणि त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले आणि त्यांनी हल्ल्याचा बेत ठरवला. हो, तुमच्या-आमच्या बदनापूरलाच!

लढाई कोण कसं लढलं ते इतिहासाच्या पुस्तकात वाचा. आपण फौजेच्या मागे चाललेली रांग बघू. हजारो बैल, पाठीवर दोन्ही अंगांना धान्याच्या गोण्या. हाकणारे होते बंजारे, म्हणजे लमाण. त्या काळी फौजेला धान्य पुरवण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या हेच लोक करत. राजे एकमेकांशी लढत, पण तांड्याला सहसा कुणी हात लावत नसे. तांडा लुटला तर उद्या आपल्याला धान्य कोण आणून देणार? आज जालना जिल्ह्यात जे तांडे आहेत, तिथल्या मुलांनी आपल्या शाळेत हे अवश्य सांगावं. सरदारांची नावं सगळ्यांना पाठ असतात, त्यांना जेवू घालणाऱ्यांची कुणालाच नसतात.

वेलस्ली या बाबतीत फार काटेकोर होता. तोफा ओढायला त्याच्याकडे म्हैसूरचे प्रसिद्ध अमृतमहाल जातीचे बैल होते, आणि धान्याचा हिशेब तो स्वतः बघायचा. पण त्याचं सगळ्यात मोठं नशीब म्हणजे धान्य मुळातच वाळलेलं असतं. ज्वारी, गहू, तांदूळ यांच्या वाळलेल्या दाण्यात शंभर ग्रॅममागे साधारण १२ ग्रॅम पाणी असतं. बुरशी आणि जंतूंना वाढायला एवढं पाणी पुरत नाही. भाकरीत मात्र तिसरा हिस्सा तरी पाणी, बऱ्याचदा त्याहून जास्त. म्हणून ज्वारीचं पोतं वर्षभर राहतं आणि भाकरी पावसाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हिरवी पडते. दोन्ही एकाच दाण्याच्या, फरक फक्त पाण्याचा.

जालन्याच्या लोकांना हे कुणी शिकवायला नको म्हणा. बियाण्यांच्या कंपन्यांसाठी जालना देशभर ओळखलं जातं. तिथे बियाणं पिशवीत भरण्याआधी त्यातलं पाणी मोजतात. ज्वारीच्या बियाण्यात शेकडा १२ च्या वर ओल चालत नाही, आणि हवाबंद पिशवीत भरायचं असेल तर शेकडा ८ च्या वर नाही. वेलस्लीच्या गोणीचा आणि कंपनीच्या पिशवीचा नियम एकच.

पण सगळ्याच फौजा मागे गोण्या घेऊन फिरत नव्हत्या. थोरल्या बाजीरावाचे घोडेस्वार इतके हलके असत की शत्रूला पत्ता लागेपर्यंत ते पन्नास कोस पुढे गेलेले असत. खुद्द बाजीराव घोड्यावर बसल्याबसल्या ज्वारीची कणसं तळहातावर चोळून दाणे खात जायचा, असं सांगतात. १७२७ च्या हिवाळ्यात त्याच्या फौजेनं आपला जालना-सिंदखेडचा मुलूख पिंजून काढला. पुढच्याच फेब्रुवारीत त्यानं निजामाला वैजापूरजवळ पालखेडला गाठलं आणि त्याचं अन्न-पाणी तोडलं. जड तोफा मागे राहिलेल्या, छावणीत धान्य नाही, प्यायला पाणी नाही. मोठी घनघोर लढाई झालीच नाही. ६ मार्च १७२८ ला निजामानं मुंगी-शेवगावला तह केला.

आता थोडं लांब जाऊ. इराकमध्ये टायग्रिस नदीच्या काठी कूत नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ मध्ये, तुर्कांनी तिथे इंग्रजांच्या एका फौजेला वेढा घातला. या फौजेचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन! तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. आपल्याच दऱ्याखोऱ्यांतली माणसं, कुठल्या कुठे जाऊन अडकलेली. वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला आणि शेवटी उपासमारीनं फौज शरण गेली.

या वेढ्यात डॉक्टरांना एक चक्रावून टाकणारी गोष्ट दिसली. गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी होऊ लागला. पाय सुजतात, हातापायांतली शक्ती जाते, हृदय कमकुवत होतं. हिंदी शिपायांना मात्र बेरीबेरी जवळजवळ नाहीच. त्यांना झाला स्कर्व्ही: हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा उघडतात. गाव एक, वेढा एक, हाल सारखेच. मग आजार वेगवेगळे का?

जरा थांबा. पुढे वाचण्याआधी स्वतः डोकं लढवा. दोघांच्या ताटात काय फरक असेल?

गोरे सैनिक खात होते पांढऱ्या मैद्याचा पाव. मैदा करताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकतात, आणि ब-१ जीवनसत्त्व नेमकं तिथेच असतं. हिंदी शिपाई खात होते कोंड्यासकट दळलेली कणीक. त्यामुळे बेरीबेरी त्यांच्याकडे फिरकला नाही. पुढे मैदा संपला, गोऱ्यांनाही कणीक आणि सातूचं पीठ खावं लागलं, तेव्हा त्यांचा बेरीबेरी हटला! स्कर्व्ही होतो क जीवनसत्त्वाच्या अभावी. ताजी भाजी आणि फळं दोघांनाही मिळत नव्हती. पण गोरे घोड्यांचं ताजं मांस खात होते, त्यातून थोडं क जीवनसत्त्व मिळे. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कितीतरी दिवस ते मांस खाल्लं नाही. धर्म आड येत होता. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दसुद्धा तेव्हा फक्त तीन-चार वर्षांचा होता, १९१२ मध्ये जन्मलेला.

यावर तोडगा काय? लिंबू-मोसंबी उत्तम. आपल्या जालन्याच्या मोसंबीला तर आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण वाळवंटात शेकडो मैल ताजी फळं न्यायची कशी? ती पाण्यानं भरलेली, जड आणि नासकी. कूतच्या सुमारासच लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक नावाच्या शास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकारी गिनीपिगांवर प्रयोग करत होत्या. त्यांना दिसलं की कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व नसल्यात जमा असतं, पण तेच भिजवून मोड आणले की ते तयार होतं आणि स्कर्व्ही टळतो. म्हणजे गोणीत कोरडी डाळ नाही, अख्खं कडधान्य न्यायचं, आणि हवं तेव्हा फक्त पाणी शिंपडायचं. दोन दिवसांत भाजी तयार, तीसुद्धा वाळवंटात!

मोड आलेली मटकी बघून ज्यांचं नाक मुरडतं, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

इथून पुढे खरी कारागिरी सुरू होते. म्हैसूरला ‘डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरी’ आहे. १९६१ साली ती सुरू झाली. सैन्यासाठी टिकाऊ अन्न शोधणं हेच तिचं काम. तिथल्या शास्त्रज्ञांनी सहा महिने टिकणारी पोळी बनवली आहे. सहा महिने! आपल्याकडे सकाळची पोळी संध्याकाळी डब्यातून परत आली की तिचा चिवडा होतो.

आजी प्रवासाला जाताना पाण्याऐवजी दुधात पीठ मळून दशम्या करते, त्या भाकरीपेक्षा जास्त दिवस राहतात. शंकरपाळे तर महिनाभर टिकतात. त्यांतलं पाणी तळताना उडून जातं आणि उरलंसुरलं साखर धरून ठेवते, जंतूंना मिळू देत नाही. फौजी पिढ्यान्‌पिढ्या खिशात शक्करपारे घेऊन फिरले ते याचमुळे. पण पोळी मऊ हवी, म्हणजे तिच्यात पाणी हवंच. मग शास्त्रज्ञांनी पाणी तसंच ठेवलं आणि बुरशीचा बंदोबस्त केला: पिठात अगदी थोडं सॉर्बिक आम्ल, मग हवाबंद पाकीट, आणि पाकिटासकट उष्णता.

भाजी, पुलाव, डाळ यांच्यासाठी तर आणखी कडक उपाय. ते पाकीट कधी हातात आलं तर नीट बघा. बाहेरून प्लॅस्टिक वाटतं, पण एका कडेला लहानशी खाच असते, तिथून फाडलं की आत चंदेरी चकाकी दिसते. ती अॅल्युमिनियमची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी. प्लॅस्टिकच्या थरांमध्ये ती दाबून बसवलेली असते. प्लॅस्टिकमधून हवा हळूहळू झिरपते, अॅल्युमिनियममधून ना हवा जात, ना प्रकाश, ना वाफ. शिजवलेला पुलाव आत भरून तोंड सीलबंद करतात आणि मग अख्खं पाकीट दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सियसला तापवतात. १२१ च का? बोट्युलिनम नावाच्या एका भयंकर विषारी जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तासन्‌तास मरत नाहीत. १२१ अंशांवर मात्र काही मिनिटांत त्यांचा निकाल लागतो. आत जंतू उरला नाही, बाहेरचा येऊ शकत नाही, मग पुलाव नासवणार कोण? फ्रिज लागत नाही. जवान पाकीट गरम पाण्यात ठेवतो, खाचेपाशी फाडतो आणि खातो.

१९८४ च्या एप्रिल महिन्यात राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा याच प्रयोगशाळेनं त्यांच्यासोबत भारतीय जेवण पाठवलं होतं, आणि त्यांनी ते आपल्या रशियन सोबत्यांना खाऊ घातलं. त्याच एप्रिलमध्ये, १३ तारखेला, भारतीय जवान सियाचीनवर चढले. एकाच महिन्यात भारतीय स्वयंपाकघर दोन भलत्याच ठिकाणी पोचलं.

हे सगळं खरं, पण जवान रोज पाकीट फाडून खात नाही हं. छावणीत लंगर पेटलेला असतो, ताजं जेवण मिळतं. आणि मार्च २०२३ मध्ये लंगराच्या शिध्यात आपल्या मराठवाड्याला आवडेल असा बदल जाहीर झाला. सैन्यानं निम्म्या शतकाहून जास्त काळानंतर ज्वारी, बाजरी, नाचणीची पिठं पुन्हा शिध्यात आणायचं ठरवलं. तांदूळ आणि कणकेचा जेवढा हक्काचा वाटा, त्याच्या शेकडा २५ पर्यंत. इतकी वर्षं भाकरी खाऊन वाढलेली पोरं फौजेत गेली की गव्हाच्या रोटीवर जगायची. माझ्या मते हा निर्णय फार उशिरा झाला, पण झाला हे बरं.

आता लंगरातल्या आचाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. गव्हात ग्लुटेन असतं, ते पिठाला चिकट आणि ताणता येईल असं करतं, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. तिथे गरम पाणी ओतून पिठाला उकड द्यावी लागते, मग त्यातलं पिष्ट फुगून चिकट होतं आणि भाकरी थापता येते. जुन्या पिठाची विरी गेली की कितीही मळा, भाकरी चिरतेच. शे-दोनशे जवानांना हातानं थापून भाकऱ्या? तुमच्या आईला विचारा, ती हात जोडेल! म्हणूनच या पदार्थांचं शिक्षण आचाऱ्यांना द्यायचंही तेव्हाच ठरलं.

बाजरीची कटकट तर त्याहून मोठी. बाजरीच्या दाण्यात तेल बरंच असतं, आणि त्याच दाण्यात ते तेल फोडणारं एक विकरही असतं. दाणा अख्खा असेपर्यंत दोघं वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. दळलं की भिंती पडतात, गाठ पडते, आणि काही दिवसांत पीठ कडू होतं. घरी आई आठवड्यापुरतीच बाजरी दळून आणते ती उगाच नाही. पण सैन्याच्या गोदामातून चौकीपर्यंत पीठ पोचायलाच आठवडे जातात! यावर उपाय म्हणजे दळण्याआधी दाण्याला उष्णता देऊन ते विकर निकामी करणं.

शेवटचा प्रश्न: सियाचीनवर भाकरी करता येईल का?

आधी सांगा, पाणी किती अंशांना उकळतं? शंभर! सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितलं. जालन्यात नाही उकळत, बरं का. शंभर अंशांचा नियम समुद्रसपाटीचा. आपण जसजसे उंच जातो तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाण्याची वाफ लवकर होते. साधारण ३०० मीटर उंचीला एक अंश कमी, असा ढोबळ हिशेब. जालना शहर सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सियाचीनवरची बाना चौकी आहे सुमारे ६,४०० मीटरवर. तिथे पाणी ८० अंशांच्या जवळच उकळायला लागतं. खळखळ बुडबुडे येतात, पण त्याहून गरम ते होतच नाही. भात कसाबसा होईल, पण डाळ? तासभर उकळली तरी कडकड वाजते.

मग कुकर. शिट्टीचं वजन बाहेरच्या दाबावर आणखी एक ठरावीक दाब चढवतं. जालन्यात कुकरच्या आत पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं. बाना चौकीवर बाहेरचाच दाब निम्म्याहून कमी, म्हणून तिथे जेमतेम ११०. तरी डाळ शिजते.

आणि मुळात पाणी आणायचं कुठून? बर्फ वितळवून. १ किलो बर्फ नुसता वितळवायला ८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत १ किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं, म्हणजे त्या उंचीवर जवळजवळ उकळतंच. थोडक्यात, चहाला लागणारं निम्मं इंधन पाणी तापायला लागण्याआधीच संपलेलं असतं. बर्फ उणे ३० वर असेल तर आणखी वेगळं. आणि ते रॉकेल कुठून येतं? खालून, लिटर-लिटर मोजून.

भाकरीचं मात्र जमेल. ज्वारीचं पिष्ट ७० अंशांच्या आसपास फुगायला लागतं, ८० अंशांचं पाणी त्याला पुरतं. थापायला हातमोजे काढावे लागतील, तेवढीच अडचण.

आता तुमच्यासाठी काम. शाळेच्या प्रयोगशाळेत ११० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर असतो. (तापाचा थर्मामीटर चुकूनही वापरू नका, तो ४२ ला संपतो आणि फुटतो.) विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना सोबत घ्या, पाणी उकळवा, थर्मामीटर तळाला न टेकवता पाण्यात धरा आणि आकडा वाचा. भोकरदन, अंबड, परतूर, मंठा, घनसावंगी, सगळीकडून आकडे पत्रानं आमच्याकडे येऊ द्या. पत्रात गावाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.